आठ मुलांमागे एक

दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात सकाळपासूनच रांग लागते. जळगावला रावेर, यावल, चोपड्याकडून पहिल्या एसटीने निघालेली माणसं. धुळ्याला शिरपूर, साक्रीकडून आदल्या रात्रीच येऊन पथारी टाकलेली. एका हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात आधारकार्ड, रेशनकार्ड, फोटो आणि घड्यांवर फाटत आलेले केसपेपर. दुसऱ्या हाताला मूल. मूल मोठं असेल आणि चालता येत नसेल, तर ते पाठीवर.

या रांगेत बाप बरेच दिसतात. आई घरी धाकट्यांना आणि गुराढोरांना सांभाळते. कागदपत्रांचं, साहेबाशी बोलायचं काम बापाकडे येतं. मात्र साहेबाशी काय बोलायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. "हाऊ मना आंडोर शे," हा माझा मुलगा आहे, एवढं सांगून झालं की त्याचं बोलणं संपतं. पुढचं सगळं कागदाने बोलायचं.

यंदाच्या अंकाचा विषय 'बाप'. संपादक म्हणाले, तुम्ही तुमच्या वडिलांवर लिहा. अण्णांची सगळी नोकरी खानदेशात, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि शिक्षण विभाग यांत झाली. त्यातली बहुतेक वर्षं विशेष शिक्षणात. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्यावर लिहायचं तर घरातल्या आठवणींवर भागणार नव्हतं, कारण घरी ते फारसे नसतच. ते अशा रांगांमध्ये असत. म्हणून जळगाव-धुळ्याच्या रांगा, शाळा आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांची घरं पाहायला निघालो.

टक्का ठरतो कसा

ऑनलाइन अर्ज, मग तपासणीची तारीख, मग त्या त्या विषयाचे तज्ज्ञ, मग टक्का, आणि शेवटी कार्ड. कागदावर वाट एवढी सरळ आहे. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र केंद्राच्या यूडीआयडी पोर्टलवरूनच मिळतं. टक्का चाळीसच्या खाली असेल तर पांढऱ्या पट्टीचं कार्ड, चाळीस ते ऐंशीच्या मध्ये पिवळ्या, त्यापुढे निळ्या. बहुतेक सवलती चाळीसपासून सुरू होतात. त्यामुळे रांगेतल्या माणसांना वैद्यकातलं काही कळत नसलं तरी चाळीस हा आकडा सगळ्यांना पाठ असतो.

प्रत्यक्षात ती वाट जागोजागी अडते. तीन वर्षांचं मूल ऐकत नाही हे आईला कधीच कळलेलं असतं, पण कागदावर ते सिद्ध करायला 'बेरा' तपासणी लागते. तिच्यात मूल झोपलेलं असावं लागतं आणि आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद यंत्र मोजतं. यंत्र जिथे असेल तिथली तारीख घ्यायची, मूल त्या दिवशी झोपलं नाही तर पुढची तारीख. लहान मुलांचं प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं असतं. मुदत संपली की पुन्हा तीच रांग. रोजंदारीवरच्या माणसाला यातली प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेला दिवस आणि दोन माणसांचं एसटीभाडं.

बौद्धिक दिव्यांगत्वाचं आणखी वेगळं. आपल्याकडे अजूनही वापरात असलेली बिने-कामत चाचणी ही डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला मराठी आणि कन्नड मुलांवर प्रमाणित केली, १९३४ साली. पहिल्यांदाच आपल्या मुलांची बुद्धी आपल्या भाषेत मोजायची सोय झाली. त्या काळी हे मोठं काम होतं. पण सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी किंवा बारेली बोलणारं सात वर्षांचं पोर प्रमाण मराठीतल्या प्रश्नासमोर गप्प बसलं, तर ते बुद्धीने गप्प आहे की भाषेने, हे ओळखायला खोलीत दोन्ही भाषा जाणणारं कोणी तरी लागतं. अण्णा अशा वेळी पाड्यावरची एखादी आजी किंवा मोठी बहीण सोबत आणायला सांगत. नियमात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, निषिद्धही नव्हतं.

योजनेतला माणूस

अपंग मुलांसाठी एकात्म शिक्षण योजना केंद्राने १९७४ साली सुरू केली. तोपर्यंत अंध किंवा मूकबधिर मुलाने शिकायचं म्हणजे मोठ्या शहरातल्या निवासी शाळेत जायचं. मुंबईत माझगावला मूकबधिरांची शाळा १८८५च्या सुमारास निघाली होती. अ‍ॅना मिलार्ड या मिशनरी बाईंनी १९०० साली अंध मुलांना शिकवायला सुरुवात केली, तीच पुढे दादरची अंधशाळा झाली. खानदेशातल्या शेतमजुराच्या मुलाला या दोन्ही शाळा चंद्राइतक्याच जवळच्या. नवी योजना म्हणाली, मूल आपल्या गावच्या शाळेत, सगळ्या मुलांबरोबर बसेल आणि प्रशिक्षित शिक्षक तिथे जाईल. प्रमाण ठरलं आठ मुलांमागे एक विशेष शिक्षक.

अण्णा प्राथमिक शिक्षक होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी मुंबईत, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत कर्णबधिरांच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम केला. संस्था १९८३ची, म्हणजे तेव्हा नवीच. परत आल्यावर ते धुळे जिल्ह्यात एकात्म शिक्षणाच्या युनिटवर रुजू झाले. बढती अशी काहीच नव्हती. गावात उलटी चर्चा झाली, गुरुजींना चांगल्या वर्गावरून काढून 'तसल्या' पोरांवर टाकलं.

योजनेत पैसा किती होता? १९९२च्या सुधारित नियमांप्रमाणे एका मुलाला वह्या-पुस्तकांसाठी वर्षाला ४०० रुपये, गणवेशाला २००, जाण्यायेण्याला महिन्याला ५०. अंध मुलाला वाचून दाखवणाऱ्याला महिन्याला ५०, पायाने अधू मुलाला आणणाऱ्या-नेणाऱ्याला ७५. साहित्यासाठी पाच वर्षांतून एकदा २,०००. आकडे त्या काळीही लहानच. पण महिन्याचे ७५ रुपये वेळेवर मिळाले तर शेजारचा पोरगा मुलाला सायकलवर बसवून शाळेत आणायचा, आणि दोन महिने थकले तर मूल घरी बसायचं. अनुदान कुठल्या टेबलावर अडलंय हे शोधत राहणं, हा अण्णांच्या शिकवण्याचाच भाग झाला. तालुक्याच्या कचेरीतल्या शिपायापासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांच्या घरची लग्नं-बारशी त्यांना ठाऊक होती. अनोळखी माणसाची फाइल खाली जाते, हे त्यांचं मत होतं.

रजिस्टर

अण्णांची एक आडवी, कापडी पुठ्ठ्याची वही घरी अजून आहे. त्यांचं सरकारी रजिस्टर वेगळं. हे त्यांचं स्वतःचं. एकेका मुलाला एक पान. वर नाव, गाव, गावाला जाणारी एसटी कुठे थांबते. खाली तारखा. "कानाचा साचा सैल होतो, नवीन घ्यावा." "सेल संपले, वडील बाजाराच्या दिवशी नेतील." "प्रमाणपत्राची मुदत जूनमध्ये." "दसऱ्यानंतर ऊसतोडीला, होळीनंतर परत. पुस्तकं सोबत दिली." "आजीला ओठ हलवून बोलायला सांगितलं. ऐकते."

ऊसतोडीची नोंद पानोपान आहे. पावसाळा संपला की साक्री, शिरपूर, चोपड्याच्या पाड्यांवरून कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, कापूस वेचायला जातात. साधं मूल चार-पाच महिने शाळेबाहेर राहिलं तर मागे पडतं. नुकताच श्रवणयंत्रावर आवाज ओळखायला लागलेला मुलगा तेवढा काळ सरावाबाहेर राहिला तर पहिल्या अक्षरावर येतो. त्यासाठी एका पानावर अण्णांनी टोळीच्या मुकादमाचं गाव लिहून ठेवलेलं आहे. सेल पोचवायला.

या वहीत मुलाबद्दल कळवळ्याचं एकही वाक्य मला सापडलं नाही. कळवळा असणार, पण तो तारखांच्या रूपाने आहे. पुढची भेट, पुढचा सेल, पुढची मुदत. विशेष शिक्षणातलं प्रेम बहुतेक अशाच पाठपुराव्याचं असतं, असं आता वाटतं.

कानातलं मशीन, घरातली बोली

श्रवणयंत्र फुकट वाटण्याचे कार्यक्रम पुष्कळ होतात. केंद्राच्या 'एडिप' योजनेतून शिबिरं भरतात, कानपूरच्या सरकारी 'अ‍ॅलिम्को' कंपनीचं साहित्य येतं, व्यासपीठावर फोटो निघतात. त्यानंतर काय होतं ते पाहायला घरी जावं लागतं. ज्या घरांत गेलो तिथे मशीन बऱ्याचदा देवळीत किंवा कपाटात, मूळ डबीत नीट ठेवलेलं. "महागाची वस्तू, पोरगा हरवून टाकी," हे आईचं म्हणणं.

खरी कारणं तीन-चार. कानाचा साचा मुलाच्या कानाबरोबर वाढत नाही. सैल झाला की मशीन शिट्टी मारतं आणि वर्ग हसतो. सेल संपतात, आणि ते गावच्या किराणा दुकानात मिळत नाहीत. आणि सगळ्यात मोठं कारण असं, की मशीन लावल्याबरोबर मूल बोलत नाही. यंत्र आवाज मोठा करतं. त्या आवाजातून भाषा निवडायला मुलाला महिनोन्‌महिने शिकवावं लागतं. घरच्यांना हे आधी कोणी सांगितलेलं नसेल तर आठवड्याभरात त्यांची खात्री होते की मशीन खोटं आहे.

शिकवायचं तर कोणत्या भाषेत? शाळेचं पुस्तक प्रमाण मराठीत, घरी अहिराणी, शेजारी भिलाऊ. कर्णबधिर मूल कष्टाने 'पाणी', 'जेवण', 'ये', 'जा' शिकतं, आणि घरी आई तेच वेगळ्या सुरात, वेगळ्या रूपात बोलते. अण्णांनी यावर साधा उपाय काढला होता. पहिले पन्नास शब्द आईने सांगायचे, तिच्या बोलीत. तेच चित्राखाली लिहायचे. पुस्तकातले शब्द नंतर. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने भिंतीवरची अहिराणी पाहून शेरा मारला, "अशुद्ध लेखन." अण्णांनी शेऱ्याखाली सही केली आणि तक्ते तसेच ठेवले.

त्या वर्गातला एक मुलगा आज जळगावच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डर आहे. त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या बायकोने शेवभाजी आणि कळण्याची भाकरी केली होती. तो खुणांनी आणि थोडं तोंडाने बोलतो, मुलगी दोन्ही भाषांतून पाहुण्यांसाठी दुभाष्याचं काम करते. अण्णांची आठवण विचारली तेव्हा त्याने हवेत वही उघडली, बोट जिभेला लावून पान उलटलं आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. मुलगी म्हणाली, "पप्पा सांगतात, सर तारीख चुकवायचे नाहीत."

अमळनेरची उंची

खानदेशात चांगला शिक्षक म्हटलं की माप अमळनेरचं लावतात. साने गुरुजी १९२४ साली प्रताप हायस्कुलात आले. छात्रालयातल्या मुलांचे कपडे धुणं, अंथरुणं आवरणं, आजारी मुलाजवळ जागणं, हे सगळं त्यांनी केलं. १९३०मध्ये नोकरी सोडून ते कायदेभंगात उतरले. जेमतेम सहा वर्षं. पण शिक्षकाने मुलाची माय व्हावं ही अपेक्षा त्यांनी या मातीत कायमची पेरली.

अण्णांच्या मागे भेटायला येणारे सगळे तेच बोलत होते. "पोटच्या पोरासारखं केलं हो त्यांनी." मला अभिमान वाटतो, आणि थोडी धास्तीही. रविवारी अण्णा शिबिराला, मे महिन्यात अण्णा सर्वेक्षणाला. आमच्या घरी त्याची तक्रार नव्हती, आईने होऊ दिली नाही. पण एखाद्या मुलाचं शिक्षण शिक्षकाच्या रविवारवर उभं असेल, तर तो शिक्षक बदलून गेल्यावर काय होतं? अण्णांच्या बदलीनंतर एका गावात काय झालं ते वहीतच आहे. पुढच्या शिक्षकाची जागा दीड वर्ष रिकामी होती. त्या पानावर नंतर एकच नोंद: "शाळा सोडली. बकऱ्या वळतो."

बाप संस्था काढतो तेव्हा

पोटच्या पोरासाठी, घरच्या माणसासाठी संस्था उभारल्याची उदाहरणं आपल्याकडे मोठी आहेत. मुंबईत होरमसजी आणि दीना वकील यांची मुलगी जय हिला डाउन सिंड्रोम होता. तिच्यासाठी १९४४ साली सुरू झालेलं काम आज 'जय वकील' शाळा म्हणून देशभर माहीत आहे. नाशिकला रजनीताई लिमये यांनी मुलाच्या निमित्ताने प्रबोधिनी उभी केली. आमच्या धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत. पत्नीच्या स्किझोफ्रेनियाने त्यांना या क्षेत्रात ओढलं. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट, दोन्हींच्या मागे ते होते.

जळगावला प्रा. यजुर्वेंद्र महाजन यांच्या दीपस्तंभ फाउंडेशनचा 'मनोबल' प्रकल्प आहे. दिव्यांग मुलंमुली तिथे राहून स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करतात. ज्यांना आयुष्यभर 'लाभार्थी' म्हटलं गेलं, ती मुलं उद्या टेबलाच्या पलीकडे बसायची तयारी करताहेत.

या सगळ्या कामांना नाव आहे, पाटी आहे, वर्धापनदिन आहे. सरकारी विशेष शिक्षकाला यातलं काही नसतं. तो दुसऱ्यांच्या मुलांसाठी, पगारावर, बदलीच्या भीतीत काम करतो आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी येतो. पण संस्था शहरात असते. पाड्यापर्यंत पोचायचं तर पोचणारा हा पगारी माणूसच.

लेखनिक हवा आहे

दर हिवाळ्यात अण्णांना एकच ध्यास असे: दहावीच्या अंध मुलांना लेखनिक मिळवायचा. बोर्डाच्या नियमाप्रमाणे लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा. म्हणजे नववीतला मुलगा शोधायचा. त्याची स्वतःची परीक्षा जवळ आलेली. त्याच्या आईबापांना वाटतं, काही चूक झाली तर आपल्या पोरावर केस होईल. अक्षर चांगलं हवं, ऐकलेलं जसंच्या तसं लिहायचा संयम हवा, आणि गणिताच्या पेपराला वर्गमूळ कुठे संपतं हे कळायला हवं. तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. नववीतलं पोर चार तास दुसऱ्याचा पेपर लिहितं, तेही फुकट.

अण्णा दिवाळीनंतरच जोड्या लावत. दोघांनी दोन महिने एकत्र सराव करायचा. त्यातून एकमेकांच्या घरी जाणंयेणं सुरू होई. अशा एका जोडीतले दोघे आज पारोळ्याला भागीत कृषी सेवा केंद्र चालवतात.

याच वाटेवर पुढे काय होऊ शकतं हे प्रांजल पाटील यांनी दाखवलं. कुटुंब मूळचं जळगाव जिल्ह्यातलं, बालपण उल्हासनगरात. सहाव्या वर्षी दृष्टी गेली. शिक्षण दादरच्या त्याच अंधशाळेत. २०१६मध्ये लागलेल्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेच्या निकालात त्यांचा क्रमांक ७७३ आला, पण अंधत्वाचं कारण सांगून रेल्वेच्या लेखासेवेने त्यांना नाकारलं. पुढच्या वर्षी त्या १२४व्या आल्या आणि २०१९मध्ये तिरुअनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या.

आमच्या नंतर

अण्णांच्या वहीतली काही पानं अठरा वर्षांपाशी थांबतात. शाळेचं काम संपलं. बापाचं तिथे सुरू होतं. बौद्धिक दिव्यांग मुलगा कायद्याने सज्ञान झाला; त्याच्या नावच्या दोन बिघे जमिनीवर, बँकेतल्या पैशावर सही कोण करणार? आणि आमच्या नंतर त्याला पाहणार कोण? हा प्रश्न खानदेशातल्या प्रत्येक घरी ऐकू आला, कुठे मोठ्याने, कुठे पोरगा बाहेर गेल्यावर.

१९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात याची तरतूद आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून देता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती असते. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो. ज्या बापांना भेटलो त्यातल्या फार थोड्यांनी हे ऐकलं होतं. निवृत्तीनंतर अण्णा हेच करत: बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवरच्या हॉटेलात बसून पालकत्वाचे अर्ज भरून देणं. चहाचे पैसेही स्वतःच देत.

पद भरलेलं असणं

कायदे आता भक्कम आहेत. शिक्षणहक्क कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं स्पष्टपणे आली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार सातावरून एकवीस केले आणि सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि माध्यमिकला पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली शाळांच्या प्रत्येक केंद्रामागे एक याप्रमाणे ४,८६० पदांना मान्यता दिली. तोवर वर्षानुवर्षं हे काम कंत्राटी विशेष शिक्षकांनी ओढलं. दरवर्षी नव्याने नेमणुकीचं पत्र घेत ते पाड्यापाड्यांवर फिरत राहिले. त्यांच्यातही माझ्या अण्णांसारखे बरेच आहेत. त्यांच्या मुलांनाही कधी तरी हा लेख लिहावासा वाटेल.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. एवढ्या माणसांना पुरतील इतके साने गुरुजी कोणत्याही मातीत पिकत नाहीत. म्हणून अण्णांची थोरवी सांगताना मला हात आखडता घ्यावा लागतो. त्यांनी जे बापाच्या मायेने केलं, ते साध्या, वेळेवर घरी जाणाऱ्या, रविवारी सुट्टी घेणाऱ्या शिक्षकाकडूनही व्हायला हवं. त्यासाठी त्याचं पद भरलेलं हवं, प्रवासभत्ता मिळायला हवा आणि त्याच्या बदलीनंतर त्याचं रजिस्टर पुढच्याच्या हाती जायला हवं.

वाचकांना एक विनंती. दिवाळीला गावी जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले? आपल्या केंद्राचा विशेष शिक्षक कोण, आणि तो गावात शेवटचा कधी आला? गावातल्या कोणत्या मुलाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे? 'पद रिक्त आहे' असं उत्तर आलं, तर ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात तारखेसह नोंदवून घ्या.